सुरथाचा राहिलेला डाव

एका राज्यात दर वर्षी आंब्याला मोहोर यायचा, कैऱ्या धरायच्या, पण आंबा काही पिकायचा नाही. विणकराच्या मागावरचं लुगडं शेवटच्या वितीपर्यंत यायचं आणि तिथेच धागा तुटायचा. आज्या नातवंडांना गोष्ट सांगायला बसत, गोष्टीतला वीर राक्षसाच्या दारापर्यंत पोचे, आणि पुढचं त्यांना आठवत नसे. मुलं तशीच झोपी जात. सात वर्षं हे असं चाललं होतं आणि लोकांना त्याची सवय झाली होती. कैरीचं लोणचं मुबलक होई, एवढंच काय ते समाधान.

राज्याला ही कळा कशी आली ते ऐका.

राजाचं नाव भद्रसेन. त्याला दोन मुलं, थोरला सुरथ आणि धाकटी शर्वाणी. राजवाड्याच्या पूर्वेच्या दालनात एक पट होता. मायाधर नावाच्या मांत्रिकाने तो निळ्या रेशमाचा विणला होता. त्यावर अरण्यं होती, किल्ले होते, गुहा होत्या, आणि सोंगटी पुढे सरकली की मागची वाट मिटून पुढची उमटत असे. रोज दिवेलागणीला राजाची थोरली बहीण चारुमती तो पट उलगडायची. मुलं तिला आत्या म्हणत. आत्या खेळाची सूत्रधार.

“तुम्ही अरण्याच्या तोंडाशी उभे आहात,” आत्या सांगायची. “उजवीकडे पाण्याचा आवाज येतोय. डावीकडे कोणीतरी घोरतंय. काय करता?”

मग ज्याचा डाव असेल त्याने आपला वीर काय करतो ते सांगायचं आणि कवड्या टाकायच्या. कवड्या उताण्या पडल्या तर जमलं, पालथ्या पडल्या तर फसलं. कवड्या मात्र आत्या स्वतः ज्याच्या त्याच्या हातात ठेवायची आणि म्हणायची, “डाव तुझा.” ते म्हटल्याशिवाय कोणी काही करायचं नाही, बोलायचंसुद्धा नाही. शर्वाणीला राक्षसांपेक्षा हा नियम अवघड जायचा. हरली की सुरथ तिची वेणी ओढायचा. जिंकली तरी ओढायचा. कधीकधी राजाही येऊन बसे आणि पहिल्याच राक्षसाकडून मारला जाई.

एका संध्याकाळी गारा पडल्या. माकडांनी दुपारीच सोंगट्या पळवल्या होत्या, म्हणून सुरथाने चिंचोका घेतला आणि शर्वाणीने अंगणातून एक टपोरी गार उचलून आणली. “ही माझी वीरांगना,” ती म्हणाली. तेव्हा ती आठ वर्षांची होती. वीरांगना दोन अरण्यं पार करून गेली आणि किल्ल्याच्या अलीकडे विरघळली. शर्वाणी ओठ घट्ट मिटून बसली. डाव सुरथाचा होता, आणि एक कवडी उताणी पडली असती तरी किल्ला त्याचा होता. त्याने कवड्या खाली ठेवल्या.

“माझा वीर थांबतो,” तो म्हणाला. “तो म्हणतो, ही मेलेली नाही. ही नदी झाली आहे.”

“हे नियमात बसतं का?” शर्वाणीने विचारलं.

आत्याने थोडा विचार केला. “बसवू,” ती म्हणाली.

रेशमावरचं पाणी ओघळत किल्ल्याच्या दाराखालून आत गेलं. नदीला कोण अडवणार? शर्वाणी जिंकली. पटावर त्या जागी ओला डाग राहिला. तो पुढे कधी वाळला नाही.

शर्वाणीच्या साऱ्या लहानपणात तिला ही संध्याकाळ सगळ्यात प्रिय होती. ती लक्षात ठेवा, तिची गरज पडणार आहे.

पटावरच्या गुहांत नाना वस्तू सापडत. त्यात एक अंजनाची डबी होती. आत्याने तिचा नियम सांगितला: हे अंजन डोळ्यांत घातलं की माणूस दिसेनासा होतो, आणि त्याने कोणावर वार केला की माया उतरते.

“वार म्हणजे तलवारीचाच?” शर्वाणीने विचारलं. “दगड मारला तर? चिमटा काढला तर?”

“ज्याला लागलं त्याला विचार,” आत्या म्हणाली, आणि दिव्याची वात पुढे सारली.

शर्वाणी बारा वर्षांची झाली, सुरथ पंधरा. एका संध्याकाळी तिची वीरांगना राक्षसाच्या गुहेत अडकली. तिने कवड्या टाकल्या, सगळ्या पालथ्या. गुहेचं तोंड बंद झालं. शर्वाणीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते धुराने आलं असं तिने सांगितलं. “डाव तुझा,” म्हणत आत्याने कवड्या सुरथाच्या हातात ठेवल्या. त्याने शर्वाणीकडे पाहिलं.

“मी अंजन घालतो,” तो म्हणाला, “आणि तिला सोडवायला आत जातो.”

कवड्या सगळ्या उताण्या पडल्या. पटावर गुहा उघडली. आणि पटासमोर सुरथ दिसेना.

दासी किंचाळल्या. राजा धावत आला. त्याच्यामागून राज्यातले पटशास्त्री आले, आणि सर्वांच्या पुढे होते महापटशास्त्री धुंडिराज. खेळाचे नियम पाठ असणं हे त्यांचं काम. खेळताना मात्र त्यांना कोणी कधी पाहिलं नव्हतं.

“खेळ थांबवू नका,” आत्या म्हणाली. “त्याचा डाव येऊ द्या.”

“डाव हातात देतात,” धुंडिराज म्हणाले. “ज्याचा हात दिसत नाही त्याच्या हातात कवड्या देता येत नाहीत. ज्याला कवड्या देता येत नाहीत त्याला डाव नाही. खेळ थांबला.”

त्यांनी पट गुंडाळला, त्यावर लाख ओतून तो कोठारात ठेवला आणि दालनात जाड गालिचा अंथरून दाराला कुलूप लावलं. आत्या रोज दिवेलागणीला त्या दारापाशी जाऊन बसे. तिसऱ्या वर्षी ती वारली.

शास्त्री मात्र वादाला बसले होते. अदृश्य झालेला माणूस असतो की नसतो? एक पक्ष म्हणे, नसतोच. दुसरा म्हणे, सगळीकडे असतो, म्हणून तर शिंका येतात. वाद संपेना, कारण त्या राज्यात काहीच संपत नव्हतं. शर्वाणी खिडकीच्या जाळीतून बंद दालनात डोकावायची. गालिच्यावर एका जागी खळगा पडलेला दिसे, कोणी मांडी घालून बसावं तेवढा. तिने तो शास्त्र्यांना दाखवला होता. गालिचा कसरीने खाल्ला असेल, असं म्हणून त्यांनी कसरीला दोष दिला.

सातव्या वर्षी धुंडिराजांनी राजाला सांगितलं, “महाराज, आंबे पिकत नाहीत ते या पटामुळे. वैशाखी पौर्णिमेला पट नदीत सोडावा आणि युवराज नाहीत असं जाहीर करावं. मग सगळं मार्गी लागेल.”

राजा थकला होता. त्याने मान हलवली.

शर्वाणी आता एकोणीस वर्षांची होती. ती उभी राहिली आणि कोणी बोलावण्याची वाट न पाहता सभेच्या मध्यभागी आली.

“सात वर्षं तुम्ही नियमाचा अर्थ लावताय, शास्त्रीबुवा. इतक्या दिवसांत एकदा तरी दादाला हाक मारलीत?”

“राजकन्ये, जो नाही त्याला हाक मारत नाहीत.”

“तो नाही हे कोणी ठरवलं?”

“आम्ही.”

“कशावरून?”

“तो उत्तर देत नाही यावरून.”

“पण हाक मारलीच नाहीत.”

सभेत कोणीतरी खोकलं. धुंडिराजांनी उपरणं सारखं केलं. “मोठ्यांनी विचार करून ठरवलेलं असतं,” ते म्हणाले. “तुझं वय लहान आहे.”

“माझं वय वाढलं. तुमचा विचार तिथेच आहे.”

“शर्वाणी,” राजा म्हणाला. एवढंच म्हणाला, पण त्याच्या आवाजात तिला पूर्वीचा, पहिल्याच राक्षसाकडून मरणारा बाप ऐकू आला. ती त्याच्याकडे वळली.

“तात, मला पौर्णिमेपर्यंत वेळ द्या.”

“दिला.”

“मग तीन प्रश्नांची उत्तरं आण,” धुंडिराज घाईने म्हणाले. “अदृश्य झालेला असतो की नसतो? असला तर कुठे असतो? आणि तो दिसू लागतो कशाने? प्रत्येक उत्तराला साक्ष हवी. आणि साक्षीदार या सभेतला नको.”

“या सभेतला कोण घेणार होतं?” शर्वाणी म्हणाली, आणि निघाली.

पहिल्या रानात बेहड्याचं एक जुनं झाड होतं. त्याच्याखाली एक धनेश पक्षी पंख ओढत बसला होता. त्याची पिवळी चोच हातभर लांब होती आणि आवाज कोतवालासारखा.

“पंखात काटा गेलाय,” तो म्हणाला. “वर ढोलीत माझी बायको आहे. अंडी घालायला ती आत बसली आणि दार लिंपून घेतलं. बोटभर फट आहे, तिच्यातून मी फळं देतो. तुला चढता येतं का?”

“येतं.”

“मग उंबरं आण. बोलणं नंतर.”

शर्वाणीने ओटीत उंबरं घेतली आणि ती झाडावर चढली. ढोलीचं तोंड दगडासारखं बंद होतं, मध्ये एक काळी चीर. तिने चिरेपुढे उंबर धरलं. काही हललं नाही.

“आत कोणी आहे का?” तिने विचारलं.

“विचारू नकोस,” खालून धनेश म्हणाला. “दे.”

तिने हात तसाच धरला. हाताला मुंग्या आल्या. मग चिरेतून चोचीचं टोक आलं, उंबर घेतलं आणि आत गेलं. असं तिने तीन वेळा ओटी भरून नेली. मग खाली उतरून तिने त्याच्या पंखातला काटा काढला.

“तुम्ही तिला शेवटचं कधी पाहिलं?”

“होळीच्या आधी.”

“मग ती आत आहे हे कशावरून? समजा, नसलीच?”

धनेशाने मान तिरकी करून तिच्याकडे पाहिलं. पोरगी शहाणी दिसते आणि असं काय विचारते, असा त्याचा चेहरा झाला.

“मी फळ नेलं नाही,” तो म्हणाला, “तर नसेलच.”

धनेशाने तिला आपलं एक पांढरं पीस दिलं. “माझं बोलणं यात आहे,” तो म्हणाला. “लागेल तेव्हा काढ.”

दुसऱ्या रानात नागकुंड होतं. कुंडाच्या तळाशी शापित खजिना लखलखत होता आणि काठावर तलवारी पडल्या होत्या. तलवारी आणणारी माणसं कुठे दिसत नव्हती. खजिन्याचा राखणदार नाग अदृश्य होता हे सर्वांना ठाऊक होतं, म्हणून जो येई तो हवेत वार करत येई, आणि परत जात नसे.

शर्वाणी दूरच बसली आणि पाहू लागली. वारा सुटला तेव्हा काठचं गवत हललं, पण एका जागचं हललं नाही. ते गोल गोल चेपलं गेलं होतं. मुंग्यांची एक रांग सरळ येत होती, तिथे आली की वळसा घालून पुढे जात होती. मुंग्यांना शास्त्र येत नसल्यामुळे त्यांची पंचाईत होत नव्हती.

तिने त्या जागेकडे तोंड करून हात जोडले. “नागराज, तुमच्या शेपटीवर पाय पडू नये म्हणून विचारते. कुठे बसू?”

चेपलेलं गवत थोडं उठलं. “इथे समोर बस,” आवाज आला. “शंभर वर्षं लोक मला आकाशात शोधत आले. माझ्याकडे तोंड करून बोललेली तू पहिली. सोनं हवंय?”

“नको. अदृश्य झालेला माणूस कुठे जातो, ते सांगा.”

“कुठे जाणार? होता तिथेच असतो. दिसत नाही, एवढंच. मला शापाने इथे बांधलंय. तुझ्या माणसाला कोणी बांधलंय ते तू बघ.”

शर्वाणीला गालिच्यावरचा खळगा आठवला. सात वर्षं कसरीच्या नावावर खपलेला तो खळगा. तिने बाजूचं गवत मुठीने उपटलं. रागच असावा.

नागाने तिच्या तळहातावर आपला एक खवला ठेवला. दिसलं काहीच नाही, पण हात जड झाला.

तिसऱ्या रानापलीकडे डोंगर होता, आणि डोंगरमाथ्यावर मायाधर मांत्रिक मागावर धुकं विणत बसला होता. त्याची दाढी मागात गुंतली होती. ती सोडवायची की विणून टाकायची, याचा त्याने अजून निर्णय घेतला नव्हता.

“तुम्ही माझ्या भावाला अदृश्य का केलंत?” शर्वाणीने विचारलं.

“मी केलं नाही. पटात मी एक धागा सैल ठेवला होता. खेळताना कोणी स्वतःसाठी नाही, दुसऱ्यासाठी जोखीम घेतली, की खेळातली माया खरी व्हावी म्हणून. इतकी वर्षं लोक खेळले, कोणी घेतली नव्हती. मला वाटलं, घेतली तर गंमत येईल.” त्याने मागातला धोटा सारला. “पोरगा तुझ्यासाठी आत गेला. मग पुढे काय झालं?”

“खेळ थांबवला.”

“कोणी?”

“शास्त्र्यांनी. हात दिसत नाही म्हणून डाव नाही, असं म्हणाले.”

मायाधराचा धोटा थांबला. “डाव दिला नाही? सात वर्षं? अगं, डाव आल्याशिवाय काही करायचं नाही, हा नियम तो पाळतोय. तो तिथेच बसलाय, वाट पाहत. आणि खेळ अर्धा म्हणून राज्यातलं सगळंच अर्धं.”

शर्वाणी खाली बसली. तिला दारापाशी बसलेली आत्या आठवली. त्याचा डाव येऊ द्या, ती म्हणाली होती. सगळं त्यातच होतं, आणि ते कोणी ऐकलं नव्हतं. शर्वाणीनेही ऐकलं नव्हतं, पण ती बारा वर्षांची होती.

“मी त्याला डाव देईन,” ती म्हणाली.

“सूत्रधार गेली. नवा सूत्रधार व्हायचं तर पटाचा एक धागा जवळ लागतो, आणि तो मी फुकट देत नाही.” मायाधराने तिच्याकडे पाहिलं. “तुझ्या लहानपणीची एक संध्याकाळ दे. सगळ्यात प्रिय असेल ती. माझ्या धुक्याला रंग नाही. तो तिच्यामुळे येईल.”

“दुसरी कुठली चालेल?”

“चालली असती तर मागितली असती.”

शर्वाणीने डोळे मिटले. अंगण गारांनी पांढरं झालं होतं. सुरथ कवड्या खाली ठेवत होता. आत्या म्हणत होती, बसवू. शर्वाणीने ते सगळं एकदा नीट पाहून घेतलं, घरातून निघताना माणूस देव्हाऱ्याकडे पाहतो तसं. मग ती म्हणाली, “घ्या.”

मायाधराच्या धुक्यात एक गारेसारखा पांढरा पट्टा उमटला. शर्वाणीने डोळे उघडले तेव्हा तिच्या मुठीत निळा धागा होता, आणि काहीतरी गेलं एवढंच तिला कळत होतं. काय गेलं ते सांगता येत नव्हतं. आपल्याला ते माहीत आहे, पण तिला सांगायची सोय नाही.

“आणि माया उतरते कशाने?” तिने विचारलं.

“नियम तुला ठाऊक आहे. वार केला की उतरते. वार कशाला म्हणायचं ते पटावर ठरतं, माझ्याकडे नाही.”

पौर्णिमेच्या दिवशी दिवेलागणीला शास्त्री गुंडाळलेला पट पालखीत घालून नदीकडे निघाले होते. महाद्वारातच शर्वाणी आडवी आली. तिच्या पायांना फोड होते आणि केसांत बेहड्याची पानं.

“अदृश्य झालेला असतो,” ती म्हणाली आणि तिने पीस पुढे धरलं. पिसातून कोतवाली आवाज आला, “मी फळ नेलं नाही तर नसेलच.” पालखीचे भोई नकळत थांबले.

“आणि होता तिथेच असतो. हात पुढे करा, शास्त्रीबुवा.”

धुंडिराजांनी हात पुढे केला. तिने त्यावर खवला ठेवला.

“माझ्या हातावर काहीही नाही,” ते म्हणाले.

“मग हात खाली का चाललाय?”

धुंडिराजांनी दुसरा हात आधाराला लावला.

“तिसरं उत्तर दालनात देईन. कुलूप काढा.”

“राजकन्ये, परंपरा अशी आहे की...”

“कुलूप काढा,” राजा म्हणाला. कोणी हललं नाही, तेव्हा तो स्वतः पालखीपाशी गेला, पट उचलून त्याने खांद्यावर घेतला आणि दालनाकडे चालू लागला.

सात वर्षांनी तिथे दिवा लागला. शर्वाणीने लाख फोडली, पट उलगडला. गुहा अजून उघडी होती. ती आत्याच्या जागी बसली. त्या जागेवरून सगळं वेगळं दिसत होतं. इथून आत्याला दोघांचे चेहरे एकदम दिसत असणार, असं तिच्या मनात आलं. तिने निळा धागा मनगटाला गुंडाळला. मग ती वाकली आणि गालिच्यावरच्या खळग्यात कवड्या ठेवल्या.

“दादा,” ती म्हणाली. “डाव तुझा.”

कवड्या गालिच्यावरून उठल्या, हवेत खुळखुळल्या आणि पटावर पडल्या. सगळ्या उताण्या.

मग काहीच झालं नाही. राजाने श्वास रोखला. शर्वाणी समोर पाहत राहिली. वार केल्याशिवाय माया उतरणार नव्हती, आणि सुरथाने आयुष्यात कोणावर हत्यार उचललं नव्हतं. आता तो काय करील? तिला काही सुचेना.

तेवढ्यात कोणीतरी तिची वेणी मागून जोरात ओढली.

“आई गं,” शर्वाणी म्हणाली.

तिच्या वेणीवर एक हात दिसू लागला. पाठोपाठ जरीची बाही, मग खांदा.

“हा वार नव्हे,” धुंडिराज पुढे झाले. “वार म्हणजे शस्त्राने केलेला आघात. केस ओढणं हे शास्त्रात कुठेही वारामध्ये धरलेलं नाही. नियम पाळायचा तर...”

खांदा पुसट झाला. बाही पुसट झाली. वेणीवरची बोटं धुक्यासारखी विरू लागली.

“थांबा,” शर्वाणी म्हणाली. तिने मान वळवली नाही, वेणी सुटू नये म्हणून. “सूत्रधार मी आहे. मी लहान असताना आत्याला विचारलं होतं, वार कशाला म्हणायचं. ती म्हणाली होती, ज्याला लागलं त्याला विचार. मला विचारा.”

धुंडिराजांनी राजाकडे पाहिलं. मग राजानेच विचारलं, अगदी हळू, “लागलं का गं?”

“लागलं, तात,” शर्वाणी म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी ओघळत होतं. या वेळी तिने धुराचं नाव घेतलं नाही. “खूप लागलं. हा वार आहे.”

बोटं पुन्हा घट्ट झाली. बाही आली, खांदा आला, आणि दिव्याच्या उजेडात सुरथ उभा राहिला. तो पंधरा वर्षांचाच होता. ओठांवर मिसरूडही नव्हती.

“सुटलीस ना गुहेतून?” त्याने विचारलं.

“सुटले.”

“रडत होतीस.”

“नव्हते.”

ती उठून उभी राहिली, तेव्हा सुरथाला मान वर करावी लागली. त्याने तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. “तू एवढी कधी वाढलीस?”

“तुझा डाव येईपर्यंत.”

त्याने दालनात सगळीकडे पाहिलं. बापाचे पांढरे झालेले केस पाहिले. मग तो आत्याच्या आसनाकडे वळला. “आत्या कुठे?”

शर्वाणीने फक्त कवड्या गोळा करून आपल्या ओंजळीत घेतल्या. सुरथाला कळलं. तो आसनापाशी गेला आणि त्याने जमिनीला हात लावून नमस्कार केला.

बाहेर अंगणात धप्प असा आवाज झाला. मग आणखी एक. आंबे पिकून पडत होते. विणकरवाडीत सात वर्षांची लुगडी एकापाठोपाठ एक मागावरून उतरली, आणि घरोघरी आज्यांना एकदम राक्षसाच्या दाराआड काय होतं ते आठवलं. ज्या मुलांना ती गोष्ट अर्धी सांगितली होती ती आता मोठी झाली होती, तरी त्यांना उठवून पुरी सांगण्यात आली.

राजाने धुंडिराजांना शिक्षा केली नाही. रोज दिवेलागणीला त्यांनी खेळायला बसायचं, एवढंच ठरलं. ते दररोज पहिल्याच राक्षसाकडून मारले जात, राजाच्या शेजारीच. हळूहळू त्यांना ते आवडू लागलं.

पण हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी दालन रिकामं झाल्यावर भाऊ-बहीण पटापाशी बसली होती. शर्वाणी पट गुंडाळायला वाकली आणि थांबली. किल्ल्याच्या दाराशी रेशमावर एक ओला डाग होता. तिने बोट लावलं. बोट गार पडलं.

“दादा, हा डाग कसला?”

सुरथाला वाटलं, ती चेष्टा करते आहे. त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती चेष्टा करत नव्हती.

“तुला आठवत नाही?”

“नाही,” शर्वाणी म्हणाली. “सांग.”

ती धाकटी असताना बसायची त्या जागी जाऊन बसली, गुडघे पोटाशी घेऊन. सुरथाने दिव्याची वात पुढे सारली.

“त्या दिवशी गारा पडल्या होत्या,” त्याने सुरुवात केली. “माकडांनी सोंगट्या पळवल्या होत्या, आणि तू हट्टाला पेटली होतीस...”

ती गोष्ट त्याने शेवटापर्यंत सांगितली. सुरथाला त्याचा डाव मिळाला, शर्वाणीला तिची संध्याकाळ मिळाली. ज्यांचं आसन रिकामं दिसतं म्हणून कोणी हाक मारत नाही, त्यांनाही कोणी हाक मारो, आणि ऐकणाऱ्यांच्या अंगणात आंबे पिकोत.